छोटे विमान सुखरूप उतरवताना: वेग, वारा आणि पुन्हा वर जाण्याचा निर्णय

उतरताना छोट्या विमानाची जी मोडतोड होते, ती बहुतेक वेळा एकाच क्रमाने होते. विमान हवे त्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने धावपट्टीवर येते, जमिनीलगत तरंगत राहते, समोरची धावपट्टी संपत चालल्याचे पाहून वैमानिकाचा धीर सुटतो आणि तो योक (हातातले सुकाणू) पुढे ढकलून विमान जबरदस्तीने ‘बसवायला’ जातो. मुख्य चाकांऐवजी नाकाखालचे चाक आधी टेकते, विमान उसळते, वैमानिक पुन्हा योक पुढे ढकलतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत नोजव्हीलचा दांडा मोडून प्रोपेलरची पाती डांबरावर आपटतात. माणसे दार उघडून स्वतःच्या पायांनी बाहेर येतात, पण पाती वाकली की इंजिन उघडून तपासावे लागते आणि विमान कित्येक महिने हँगरमध्ये पडून राहते.

अमेरिकेत खासगी विमानांच्या अपघातांचे दरवर्षी विश्लेषण होते. वैमानिकाच्या हातून घडणाऱ्या अपघातांमध्ये उतरतानाच्या अपघातांचा गट तेथे सातत्याने सर्वांत मोठा असतो आणि त्या गटात प्राणहानी मात्र फार थोडी असते. जीव घेणारे अपघात घडतात ते त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घेतलेल्या शेवटच्या वळणात आणि उतरणे रद्द करून पुन्हा वर जाताना. उतरतानाची मोडतोड आणि हे जीवघेणे अपघात हे दोन प्रकार वेगळे भासले तरी दोन्हींच्या मुळाशी वेगच असतो. पहिल्यात तो जास्त झालेला असतो आणि दुसऱ्यात कमी. म्हणून या लेखात बाकी गोष्टींपेक्षा वेगाबद्दल अधिक लिहिले आहे.

येथे दिलेले आकडे सेस्ना १७२-एस या चार आसनी विमानाचे आहेत, कारण भारतातल्या आणि परदेशातल्या असंख्य फ्लाइंग क्लबांमध्ये विद्यार्थी याच जातीच्या विमानावर शिकतात. इतर विमानांसाठी, आणि याच विमानाच्या जुन्या आवृत्त्यांसाठीही, त्या त्या विमानाच्या पुस्तिकेतले आकडेच वापरावेत. वाचून विमान उतरवता येत नाही हे उघड आहे. जे वाचाल ते प्रशिक्षकाला शेजारी बसवून हवेत करून पाहावे.

वेगाचा आकडा जमिनीवरच ठरवावा

पंखांवरून जाणाऱ्या हवेचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखांची उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, खाली वळवता येणारे पत्रे) पूर्ण खाली असताना आणि विमान २,५५० पौंड या कमाल वजनाला भरलेले असताना सेस्ना १७२-एस सुमारे ४० नॉट दर्शित वेगाला, म्हणजे वेगमापकावर दिसणाऱ्या वेगाला, स्टॉल होते (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). फ्लॅप वर असताना हाच आकडा ४८ आहे. फायनलवरचा, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत आल्यानंतरच्या शेवटच्या सरळ टप्प्यातला, वेग साधारणपणे उतरण्याच्या स्थितीतल्या स्टॉल वेगाच्या १.३ पट धरतात. वेगमापकाच्या त्रुटी जमेस धरून पुस्तिकेने आखूड धावपट्टीसाठी ६१ नॉट हा आकडा दिला आहे, तर नेहमीच्या उतरण्यासाठी पूर्ण फ्लॅपसह ६० ते ७० नॉटांचा पट्टा दिला आहे.

पुष्कळ विद्यार्थी, आणि खरे सांगायचे तर काही प्रशिक्षकही, या पट्ट्याचे वरचे टोक पकडतात आणि ‘सुरक्षिततेसाठी’ त्यात आणखी पाच नॉट घालतात. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ६१ नॉट हा आकडा कमाल वजनाचा आहे. दोन माणसे आणि निम्मे इंधन घेऊन उडणाऱ्या विमानाचे वजन २,०५० पौंडांच्या आसपास असू शकते. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे या वजनाला ६१ चे सुमारे ५५ होतात. असे हलके विमान ७० नॉटांनी आणले, तर वेग सव्वापटीहून थोडा अधिक झाला. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून जिरवावी लागणारी ऊर्जा १.६ पट झाली. ती जिरवायला चाके जमिनीवर टेकलेली हवीत आणि ब्रेक लागायला हवेत, नेमके तेच होत नाही, कारण पंखांमध्ये अजून विमान उचलून धरण्याइतका जोर शिल्लक असतो. सुरक्षिततेसाठी घातलेले पाच नॉट अशा रीतीने पहिल्या परिच्छेदातल्या तरंगत्या विमानात बदलतात.

झोतांचा वारा असेल तर थोडी भर घालणे योग्यच आहे, पण तिलाही हिशेब आहे. स्थिर वारा आणि झोत यांमधल्या फरकाचा निम्मा भाग वाढवावा. टॉवरने (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने) वारा १० नॉट आणि झोत २० नॉट सांगितला, तर पाच नॉट वाढवावेत, दहा नव्हेत. एकदा ठरलेला आकडा गुडघ्यावरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा आणि फायनलवर तो मोठ्याने उच्चारावा. हा प्रकार बालिश वाटेल. पण मोठ्याने उच्चारलेला आकडा चुकला की तो कानाला चटकन खटकतो.

धावपट्टीची लांबी, उष्णता आणि पाणी

पुस्तिकेप्रमाणे समुद्रसपाटीवर, प्रमाण तापमानाला, वारा नसताना हे विमान ५० फूट उंचीचा अडथळा ओलांडून सुमारे १,३३५ फुटांत थांबते. त्यातली जमिनीवरची धाव ५७५ फूट असते. हा आकडा कोरड्या, सपाट, पक्क्या धावपट्टीचा आहे आणि त्यात जोरदार ब्रेक गृहीत धरले आहेत. पाठीमागून वारा असेल तर दर दोन नॉटांमागे अंतर १० टक्क्यांनी वाढवावे असे पुस्तिका सांगते. म्हणजे केवळ सहा नॉटांचा शेपटीकडचा वारा, जो झाडाचे पान हलवण्यापलीकडे फारसे काही करत नाही, तो हे अंतर १,७०० फुटांच्या वर नेतो. कोरड्या गवताच्या पट्टीवर जमिनीवरच्या धावेचे ४५ टक्के आणखी मिळवावे लागतात. हे सगळे मिळवून जो आकडा येईल, त्याच्या निदान दीडपट लांबीची धावपट्टी नसेल तर तेथे उतरू नये, असे माझे मत आहे. ज्याचे ब्रेक आणि हात कारखान्याच्या चाचणी वैमानिकासारखे असतील, त्याने हवे तर कमी धरावे.

उष्णतेचा परिणाम महाराष्ट्रातल्या वैमानिकाने विशेष ध्यानात ठेवावा. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश असायला हवे; मे महिन्यातल्या दुपारी ते ४३ अंशांवर असते. दर जादा अंशामागे सुमारे १२० फूट या हिशेबाने हवेची घनता ४,६०० फूट उंचीवरच्या हवेइतकी होते. वेगमापक ६१ दाखवत असला तरी विमान प्रत्यक्षात ६५ नॉटांच्या आसपास धावत असते. स्टॉलचा दर्शित वेग बदलत नाही, म्हणून मापकावरचा आकडा वाढवायचा नाही. पण जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे पळताना दिसते आणि त्या भासाला फसून वैमानिक नकळत नाक वर घेतो व वेग घालवतो. शिवाय ऊर्जा पंधरा टक्क्यांनी वाढलेली असते आणि पुन्हा वर जावे लागले तर इंजिनाची ताकद बरीच घटलेली असते. उन्हाळ्यात सरावाची उड्डाणे भल्या सकाळी ठेवावीत. त्याने तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या धक्क्यांपासूनही सुटका होते.

पावसाळ्यात धावपट्टीवर पाणी साचले असेल तर चाके पाण्याच्या थरावर तरंगू लागतात. टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणले की हा तरंगण्याचा वेग नॉटांमध्ये अंदाजे मिळतो. ४० पीएसआय दाबाच्या टायरसाठी तो ५७ नॉट येतो. हलक्या विमानाचा टेकण्याचा वेग योग्य असेल तर तो याच्या खालीच राहतो, पण दहा नॉट जास्त घेऊन आलेल्या वैमानिकाच्या पायाखालचे ब्रेक काही क्षण असून नसल्यासारखे होतात.

सर्किट आणि ते शेवटचे वळण

उतरण्याआधी विमान धावपट्टीभोवती जी आयताकृती फेरी घेते तिला सर्किट म्हणतात; तिच्यात धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाणारी बाजू म्हणजे डाउनविंड, आणि तिथून काटकोनात धावपट्टीच्या रेषेकडे नेणारी बाजू म्हणजे बेस. उतरण्याची तयारी डाउनविंडवर संपलेली असावी. इंधनाची निवड, मिक्श्चर (इंजिनात जाणारे इंधन-हवेचे मिश्रण), दिवे आणि पट्टे हे सारे तेथेच तपासावे. आत घेता येणारी चाके असलेल्या विमानात चाके खाली आल्याचे हिरवे दिवे डाउनविंडवर एकदा आणि फायनलवर पुन्हा एकदा, बोट लावून मोजावेत. चाके न काढता उतरलेल्या विमानांचे कितीतरी वैमानिक अनुभवी असतात, कारण सवयीच्या माणसाला रेडिओवरच्या एका अनपेक्षित सूचनेने क्रम विसरायला होतो.

बेसवरून फायनलकडे घेतलेले वळण हे सर्किटमधले सर्वांत धोक्याचे ठिकाण आहे. बेसवर असताना वारा पाठीमागून असेल तर विमान अपेक्षेपेक्षा लवकर धावपट्टीच्या रेषेवर पोहोचते आणि ती ओलांडून पलीकडे जाऊ लागते. वैमानिकाला वळण घट्ट करावेसे वाटते. जमीन जवळ असल्यामुळे पंख फार कलवण्याची भीती वाटते, म्हणून तो नकळत आतल्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायातले पेडल) दाबून नाक धावपट्टीकडे ओढतो. त्याने पंख आणखी कलतात, म्हणून तो एलेरॉन (पंख कलवणारे, पंखांच्या टोकाकडचे पत्रे) उलटे देतो. नाक खाली जाऊ लागते, म्हणून तो योक मागे ओढतो. हे तिन्ही उपाय एकेकटे पाहिले तर त्यांत गैर काही वाटत नाही, पण एकत्र आले की आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला पालथे होऊन गिरकी घेते. उंची त्या वेळी चारशे-पाचशे फूट असते आणि गिरकीतून बाहेर पडायला ती पुरत नाही.

आकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट नीट समजते. उंची राखून घेतलेल्या वळणात पंख ३० अंश कललेले असतील तर स्टॉलचा वेग ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांना १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. फ्लॅप वर असताना ४८ नॉटांना स्टॉल होणारे विमान ६० अंशांच्या अशा वळणात ६८ नॉटांनाच स्टॉल होते, आणि बेसवर आपण साधारण तेवढ्याच वेगाने चाललेलो असतो.

यावर उपाय म्हणून दोन नियम स्वतःशी पक्के करावेत. सर्किटमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त कल घ्यायचा नाही, आणि वळणदर्शकातला चेंडू मध्यभागी ठेवायचा (तो बाजूला गेला की विमान घसरत वळते आहे असे समजावे). रेषा ओलांडली गेली तर तीस अंशांतच वळण पूर्ण करून पलीकडून हळूहळू परत यावे; ते सावकाश जमण्यासारखे नसेल तर उतरणे तेथेच सोडून द्यावे. पुढच्या सर्किटला बेस थोडा आधी वळवावा म्हणजे हा प्रसंगच येत नाही.

फायनलवर काय पाहावे

धावपट्टीच्या रेषेत आल्यावर प्रथम धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा वाचावा आणि आपल्याला मिळालेल्या परवानगीशी जुळवून पाहावा. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या जॉन वेन विमानतळावर अभिनेते हॅरिसन फोर्ड यांनी आपले छोटे एव्हिएट हस्की विमान धावपट्टीऐवजी तिच्या शेजारच्या टॅक्सीवेवर (विमाने जमिनीवरून ये-जा करतात त्या रस्त्यावर) उतरवले, आणि उतरण्याआधी ते थांबलेल्या बोइंग ७३७ विमानावरून गेले. कोणाला इजा झाली नाही. आकडा वाचायला दोन सेकंद लागतात.

त्यानंतर समोरच्या काचेत धावपट्टीवरचा एक बिंदू निवडावा. तो काचेत वर सरकत असेल तर आपण त्याच्या अलीकडे पडणार आहोत, खाली सरकत असेल तर त्याच्या पलीकडे जाणार आहोत, आणि स्थिर राहून नुसता मोठा होत असेल तर आपण थेट त्याच्याकडे चाललो आहोत. तीन अंशांच्या उताराला ६५ नॉट जमीनवेग असताना मिनिटाला साधारण ३४० फूट खाली यावे लागते. धावपट्टीशेजारी पापी दिवे (उताराचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे चार दिवे) असतील तर दोन पांढरे आणि दोन लाल दिसायला हवेत. चारही लाल दिसू लागले तर तत्काळ इंजिनाची ताकद वाढवावी.

डोळे मात्र फसवतात. नेहमीपेक्षा अरुंद धावपट्टीवर येताना आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असे वाटते आणि वैमानिक जास्त खाली येतो. पुढे चढत गेलेल्या धावपट्टीवरही तसेच होते. मोठ्या विमानतळाच्या रुंद धावपट्टीवर शिकलेला विद्यार्थी तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या पट्टीवर पहिल्यांदा जातो तेव्हा हा भास त्याला हमखास गाठतो. अशा पट्टीवर आधी वरून एक फेरी मारून विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पाहावा आणि कुत्री, गुरे, नीलगाय यांपैकी कोणी धावपट्टीवर नाही याचीही खात्री करून घ्यावी.

जमिनीपासून ५०० फुटांवर स्वतःला चार प्रश्न विचारावेत. वेग ठरवलेल्या आकड्याच्या पाच नॉटांच्या आत आहे का? विमान मध्यरेषेवर आहे का? फ्लॅप हवे तसे आहेत का? निवडलेला बिंदू काचेत स्थिर आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल आणि तीनशे फुटांपर्यंत ते ‘हो’ झाले नसेल, तर उतरू नये. शंभर फुटांवर वेग, उंची आणि रेषा ही तिन्ही एकदम सावरून दाखवणे हे कौशल्य मानले जाते, परंतु ज्याला ते नऊ वेळा जमते, त्याला दहाव्यांदाही जमेल असे वाटू लागते.

आडवा वारा

धावपट्टीच्या दिशेशी वारा ३० अंशांचा कोन करत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ४५ अंशांना सात दशांश आणि ६० अंशांना जवळजवळ नऊ दशांश. नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर, म्हणजे ३२० अंशांच्या दिशेने, उतरताना टॉवरने वारा २६० अंशांवरून १६ नॉट सांगितला तर आडवा घटक सुमारे १४ नॉट होतो. सेस्ना १७२-एसच्या चाचणीत १५ नॉट आडव्या वाऱ्यापर्यंत उतरून दाखवले गेले आहे, तर सेस्ना १५२ साठी हा आकडा १२ आहे. या आकड्यापलीकडे उतरण्यास पुस्तिका मनाई करत नाही. पण तो आकडा सरावातल्या चाचणी वैमानिकाचा आहे. वर्षात दोन-तीनदा उडणाऱ्या माणसाने त्याचा निम्मा आकडा स्वतःची मर्यादा मानावा आणि प्रशिक्षकासह सराव करूनच तो वाढवावा.

फायनलवर नाक वाऱ्याकडे वळवून तिरके येता येते, पण चाके टेकण्याआधी विमानाची लांबी धावपट्टीच्या रेषेत आलीच पाहिजे. अन्यथा चाकांवर आडवा ताण येतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली करून विमान वाऱ्याने वाहून जाणार नाही असे धरावे आणि विरुद्ध बाजूच्या रडरने नाक सरळ ठेवावे. पंखाचे काम वाहून जाणे थांबवण्याचे आणि पायाचे काम नाक सरळ ठेवण्याचे, ही वाटणी मनात पक्की असली की गोंधळ होत नाही. वाऱ्याच्या बाजूचे मुख्य चाक आधी टेकते, मग दुसरे, मग नाकाचे. तसे होणे बरोबर आहे. घाबरून पंख सपाट करू नयेत.

फ्लेअर आणि टेकणे

जमिनीपासून साधारण १० ते २० फुटांवर उतार मोडायचा, म्हणजे नाक हळूहळू वर घेऊन खाली येणे थोपवायचे असते; यालाच फ्लेअर म्हणतात. नजर विमानाच्या नाकासमोर खिळवली तर जमीन धूसर पळताना दिसते आणि उंचीचा अंदाज चुकतो. म्हणून या क्षणी नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्यावी. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) हळूहळू पूर्ण मागे घ्यावे आणि योक थोडा थोडा मागे घेत जावे.

पंखांच्या पसाऱ्याइतक्या, म्हणजे या विमानाच्या बाबतीत ३६ फुटांच्या, उंचीखाली आल्यावर जमिनीच्या सान्निध्यामुळे हवेचा विरोध कमी होतो आणि विमान खाली यायला नाखूश असते. येथे धीर धरावा लागतो. आपण विमान उतरवत नसून त्याला उडत ठेवण्याचा प्रयत्न करत आहोत, अशा रीतीने योक मागे घेत राहावे. वेग संपला की ते आपोआप मुख्य चाकांवर टेकते आणि त्या सुमारास स्टॉलची शिटी ऐकू येते. ती शिटी ऐकून दचकणारा विद्यार्थी अजून पुरेसा वेळ हवेत शिकलेला नसतो; पुरेशा उंचीवर स्टॉलचा सराव अधिक करून घ्यावा.

चाके टेकली म्हणजे उतरणे संपले असे नव्हे. योक मागेच धरून ठेवावे, म्हणजे नाकाचे चाक हलके टेकते. एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला वळवत न्यावेत, कारण वेग कमी होईल तसा त्यांचा परिणामही कमी होतो. फ्लॅप वर घेण्याची घाई करू नये, विशेषतः आत घेता येणाऱ्या चाकांच्या विमानात, कारण घाईत फ्लॅपऐवजी चाकांची कळ ओढली गेल्याची उदाहरणे आहेत. शेपटीला चाक असलेल्या विमानाचा वैमानिक टॅक्सी वेगाला येईपर्यंत पायांवरचे लक्ष काढू शकत नाही. त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे थोडेसे वळलेले विमान स्वतःहून अधिकाधिक वळत जाते.

उसळी आली तर

किंचित उसळी असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीत तसेच धरून, गरजेपुरती थोडी ताकद देऊन, पुन्हा टेकू द्यावे. उसळी मोठी असेल, किंवा एकामागून एक दोन उसळ्या आल्या असतील, तर त्यांचा पाठलाग करू नये. वैमानिकाचा हात विमानाच्या हालचालीच्या थोडा मागे असतो. तो योक पुढे ढकलतो तेव्हा विमान आधीच खाली येऊ लागलेले असते, त्यामुळे प्रत्येक उपाय पुढची उसळी मोठी करतो. यातून बाहेर पडण्याचा खात्रीचा मार्ग एकच: पूर्ण थ्रॉटल, नाक स्थिर, आणि पुन्हा वर जाणे.

पुन्हा वर जाणे, म्हणजेच गो-अराउंड

उतरणे रद्द करून वर जाणे हे काम कमीपणाचे नाही, पण सोपेही नाही, आणि बहुतेक वैमानिक त्याचा सराव परीक्षेपुरताच करतात. सेस्ना १७२-एसमध्ये क्रम असा आहे. थ्रॉटल पूर्ण पुढे द्यावे. उतरण्यासाठी ट्रिम केलेले (हाताने न धरता त्या वेगाला स्थिर राहील असे बसवलेले) नाक पूर्ण ताकद मिळताच जोराने वर उसळते, म्हणून योक हाताने घट्ट पुढे धरावे. नाक डावीकडे वळू लागते, म्हणून उजवा रडर द्यावा. फ्लॅप लगेच २० अंशांवर आणावेत. वेग ६० नॉट झाला की फ्लॅप १० अंशांवर घ्यावेत आणि अडथळे मागे पडून सुरक्षित उंची मिळाल्यावरच ते पूर्ण वर घ्यावेत. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या इंजिनात कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) बंद करायला विसरू नये. हे सगळे झाल्यावर मग रेडिओवर बोलावे. टॉवर थांबू शकतो.

या क्रमातली फ्लॅपची पायरी किती महत्त्वाची आहे, हे ह्यूस्टनमधल्या एका अपघातावरून कळते. ९ जून २०१६ रोजी सायरस एसआर-२० जातीचे चार आसनी खासगी विमान तिघांना घेऊन शहराच्या हॉबी विमानतळावर उतरायला आले. हा विमानतळ प्रवासी जेट विमानांनी गजबजलेला असतो. मागून येणारे जेट जवळ येऊ लागल्याने नियंत्रकाने या विमानाला उतरू न देता सर्किटमध्ये फिरवले आणि दुसऱ्या धावपट्टीकडे पाठवले. तेथे विमान पुन्हा पुन्हा जास्त उंचीवरून आले आणि वर गेले. सूचना वाढत गेल्या, वळणे वाढत गेली, आणि शेवटच्या वेळी वर जाताना वेग पुरेसा वाढण्याआधीच फ्लॅप वर घेतले गेले. विमान स्टॉल होऊन गिरकीत गेले आणि विमानतळाजवळच्या एका वाहनतळावर कोसळले, तिघेही दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने गो-अराउंडची चुकीची पद्धत हे कारण दिले, आणि विमानाला सर्किटमध्येच ठेवण्याचा पहिल्या नियंत्रकाचा निर्णय व नंतर दिलेली अनावश्यक गुंतागुंतीची परवानगी यांनी त्याला हातभार लावल्याचेही नमूद केले.

या प्रकरणात वैमानिकाने वर जाण्याचा निर्णय प्रत्येक वेळी योग्यच घेतला होता, हे मुद्दाम सांगायला हवे. घात झाला तो निर्णयात नव्हे, तर त्यानंतरच्या दहा सेकंदांत. त्यामुळे सरावाच्या प्रत्येक उड्डाणात एक तरी गो-अराउंड करावा, तोही वेगवेगळ्या उंचीवरून, आणि एखादा फ्लेअरमधून. दोनदा उतरणे साधले नाही तर तिसऱ्या प्रयत्नाआधी सर्किटच्या बाहेर पडून, सरळ उडत, पाच मिनिटे श्वास घ्यावा. नियंत्रकाची सूचना कळली नाही किंवा झेपणारी नसेल तर ‘अनेबल’ (जमणार नाही) हा एक शब्द उच्चारावा. नियंत्रकाला तो शब्द नेमका कळतो आणि वैमानिकाला तो म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

विमान आदळून उतरले तर

विमान धावपट्टी सोडून गेले किंवा नाकावर बसले, तर मिक्श्चर तोडावे, इंधनाचा व्हॉल्व्ह, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा) आणि मास्टर स्विच बंद करावेत आणि सर्वांना पंखांच्या मागच्या बाजूने दूर न्यावे. प्रोपेलर फिरायचा थांबला आहे याची खात्री होईपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये. भारतात अशा घटनेची माहिती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण विभाग यांना द्यावी लागते, आणि माणसांना सोडवण्यासारख्या निकडीच्या कामापलीकडे विमान जागचे हलवता येत नाही.

याहून जास्त वेळा घडते ते असे की, विमान जोरात आदळते, थोडे उसळते, पण वरकरणी काहीही मोडत नाही, आणि विद्यार्थी ते हँगरपर्यंत नेऊन चावी टांगून निघून जातो. सेस्ना १७२ च्या नाकाच्या चाकाचा दांडा इंजिन आणि केबिन यांमधल्या अग्निरोधक भिंतीला जोडलेला असतो, आणि नाकावर बसलेला धक्का त्या भिंतीच्या पत्र्याला सुरकुत्या पाडतो. त्या बाहेरून सहज दिसत नाहीत. इंजिनावरचे आवरण उघडावे लागते किंवा केबिनमध्ये पेडलांपाशी वाकून टॉर्च मारावा लागतो. म्हणून जोरात उतरलेले विमान पुढच्या उड्डाणाला देण्याआधी अभियंत्याला सांगावे आणि लॉगबुकात ‘हार्ड लँडिंग’ अशी स्पष्ट नोंद करावी. ती नोंद वाचल्यावर अभियंता भिंत, दांड्याची जोडणी, मुख्य पायांचे बोल्ट आणि टायर तपासतो. नोंद नसेल तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत तिकडे कोणाचेही लक्ष जात नाही आणि मधली सगळी उड्डाणे त्याच भिंतीच्या भरवशावर होतात.